पुढच्या महिन्यात उघडणारा मनोरा

"शनिवारी सकाळी सहा पन्नासची गाडी!" थोरलीनं वहीत लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवून डोळे चोळले. "परतीची रविवारी साडेचारला. खोली तळमजल्यावर. आईला जिने नकोत."

"आणि मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या?" पोपटानं विचारलं.

"त्या आपण चढायच्या. आई खाली बसेल. नुसती बसेल!"

पोपट म्हणजे थोरलीचा अकरा वर्षांचा भाऊ. तो झोपेतही बडबडायचा, म्हणून हे नाव. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती मुंगी, सुट्टीला आलेली त्यांची मावसबहीण. वय दहा, पण दिसायला सातची, आणि स्वतःपेक्षा मोठी ओझी उचलायची भारी हौस! आत्ताही ती सगळ्यांचे कपडे एकाच पिशवीत कोंबून ती पिशवी उचलून बघत होती.

थोरली तेरा वर्षांची होती. पण गेले पाच आठवडे तिला आपण तीस वर्षांच्या आहोत असं वाटत होतं. आई रुग्णालयात नर्स. तिच्या वॉर्डातल्या दोघीजणी आजारी पडल्या आणि आईच्या वाट्याला दुहेरी पाळ्या आल्या. बाबा कामासाठी परगावी. तेव्हा भात लावणं, पोपटाला उठवणं, गॅस बंद आहे ना ते बघणं, सगळं थोरलीच्या गळ्यात पडलं होतं. आई घरी यायची ती खुर्चीत बसून, पायातले बूटही न काढता झोपून जायची.

मागच्या रविवारी मात्र ती एकदम म्हणाली होती, "मला दोन दिवस कुठेतरी घेऊन चला. कुठेही! फक्त मला काही ठरवायला लावू नका."

म्हणून थोरली ठरवत होती. गाडीनं तीन तासांवरचं जुनं शहर. भोवती तटबंदी, चौकात उंच मनोरा, मनोऱ्याला लागून नकाशांचं दालन. वाचायला किती छान! पण दोन दिवसांची सहल ठरवायची म्हणजे कोण उपद्व्याप! थोरलीच्या अगदी नाकीनऊ आले होते.

तिनं त्या शहरातल्या माहिती कार्यालयाला फोन लावला.

"मनोरा दुरुस्तीसाठी बंद आहे," पलीकडून एक बाई जांभई देत म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात उघडेल."

"झालं!" थोरलीनं मनोऱ्यावर काट मारली. "आता सगळं परत मांडायचं."

पोपट आईच्या फोनवर तिथं जाऊन आलेल्या लोकांचे अभिप्राय वाचत होता. "थांब, थांब! हा माणूस गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये गेला होता. लिहितो, मनोरा बंद, पुढच्या महिन्यात उघडेल. ही बाई ऑगस्टमध्ये. तिलाही तेच, पुढच्या महिन्यात! आणि हे आजी-आजोबा जानेवारीत. त्यांनासुद्धा!"

"म्हणजे त्या गावात पुढचा महिना येतच नाही!" मुंगी म्हणाली.

थोरलीला हसू आलं, पण तिनं पेन्सिल पुन्हा हातात घेतली. चौदा महिने कसली दुरुस्ती चाललीय? तिनं मारलेली काट खोडली आणि मनोऱ्यापुढे एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं.

शनिवारी दहा वाजता ते त्या शहरात पोचले. अरुंद गल्लीत, तळमजल्यावर, खिडकीत बसलं की थेट चौक दिसेल अशी खोली होती. आईनं पलंग बघितला, "पाचच मिनिटं पडते," म्हणाली आणि उशीला डोकं टेकताच घोरायला लागली.

"चौकाच्या पलीकडे नाही जायचं," झोपेतच ती पुटपुटली. "एकला परत या."

मनोरा चौकातच होता. भोवती लोखंडी नळ्यांची परांची बांधलेली, दाराला मोठं कुलूप, त्यावर पाटी: 'दुरुस्तीचे काम चालू आहे'. खाली मनोरा सांभाळणाऱ्या खात्याच्या साहेबांचा फोन नंबर. पाटीवरची लाल अक्षरं उन्हानं पार गुलाबी पडली होती.

"परांचीवर कबुतराचं घरटं आहे!" आईच्या फोनवर फोटो काढता काढता पोपट ओरडला. "एक नाही, चार!"

"वाळूच्या ढिगावर गवत उगवलंय," थोरली म्हणाली.

मुंगीनं सिमेंटची एक पिशवी उचलायचा प्रयत्न केला. "ही तर दगड झालीय!"

"ए पोरांनो! हात लावायचा नाही!" खुर्चीत पेंगत असलेले रखवालदार काका दचकून जागे झाले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गणवेशाचं एक बटण तुटलेलं. "काम चालू आहे, दिसत नाही का?"

"कामगार कुठे आहेत, काका?" थोरलीनं विचारलं.

"जेवायला गेलेत."

"पावणेअकराला?"

"लवकर जेवतात!"

"मग कबुतरं अंडी उबवेपर्यंत जेवतच असतात वाटतं!" पोपट म्हणाला. थोरलीनं त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं, पण जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, या दाराची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

काकांचा चेहरा एकदम उतरला. "साहेबांकडे असते. जा आता, जा!"

शेजारच्या नकाशांच्या दालनात गारवा होता. दालन सांभाळणाऱ्या बाई कोपऱ्यात बसून रुमालानं मान पुसत होत्या. मनोऱ्याला लागून असलेल्या भिंतीवर कापडावर रंगवलेला जुन्या शहराचा प्रचंड नकाशा होता. एकेक घर, एकेक विहीर, तटावरचा एकेक पहारेकरी! तीनशे वर्षांपूर्वी एका चित्रकारानं तो रंगवला होता, अन् त्याला त्यासाठी नऊ वर्षं लागली होती.

थोरली बघतच राहिली. मुंगी मात्र दमून नकाशाखाली भिंतीला टेकून बसली, आणि लगेच उडी मारून उठली.

"माझा फ्रॉक ओला झाला! मी काही केलं नाही हं!"

थोरलीनं भिंतीला हात लावला. गार, चिकट ओल. जमिनीपासून वर चढत ती नकाशाच्या चौकटीपासून जेमतेम वीतभर खाली येऊन थांबली होती.

"बाई, पाऊस तर कधीचा पडलेला नाही. मग ही ओल कुठून आली?"

"जुन्या भिंती आहेत, बाळ," बाईंनी उसासा सोडला. "मी दोनदा कळवलं. उत्तर आलं, मनोऱ्याचं काम चालूच आहे, ते झालं की भिंतही बघू. एकटी मी तरी किती मागे लागू? हा नकाशा उतरवायला चार माणसं लागतात. मागितली, तर तीही पुढच्या महिन्यात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा पुढचा महिना!

"बाई, भिंतीवर एक छोटी पट्टी चिकटवू का? जखमेवर लावतात तशी. ओल कुठवर आलीय तेवढं कळेल."

बाई हो म्हणाल्या. आईमुळे अशा पट्ट्या थोरलीच्या पिशवीत कायम असत. ओलीच्या कडेच्या बोटभर वर, कोरड्या भिंतीवर, तिनं एक पट्टी चिकटवली.

रविवारी सकाळी दालन उघडताच तिघं हजर झाली. या वेळी आईही बरोबर होती. चौदा तास झोपूनही तिचे डोळे जडच होते. "एवढंच बघायचं, मग मी बागेत जाऊन बसणार," तिनं बजावलं होतं.

पट्टी गळून जमिनीवर पडली होती. ओल तिच्या जागेच्याही वर गेली होती!

"एका रात्रीत दोन बोटं!" थोरलीचा आवाज चिरकला. "म्हणजे पाणी आत्ताही येतंय. मनोऱ्याच्या आतून!"

आई भिंतीजवळ आली. तिची झोप कुठल्या कुठे उडाली होती. तिनं पर्समध्ये हात घातला आणि चक्क छाती तपासायची नळी बाहेर काढली!

"आई! सुट्टीवर येतानाही हे आणलंस?"

"काढायची राहून गेली गं." आईनं नळी कानाला लावली, दुसरं टोक भिंतीवर टेकवलं आणि डोळे मिटले. पोपटानं स्वतःहून तोंडावर हात ठेवला! "पाणी पडतंय," ती हळूच म्हणाली. "थेंब नाहीत. धार आहे. बाई, वर काय आहे?"

"पाण्याची टाकी!" बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "चौकातल्या नळाची. पहिल्या मजल्यावर, मनोऱ्याच्या आत. पण तिकडे चौदा महिन्यांत कोणी गेलेलंच नाही!"

आता त्या साहेबांना बोलवायला हवं होतं. आणि रविवारी कोण येणार?

"मी बोलते," थोरली म्हणाली. पाटीवरचा नंबर तिनं वहीत उतरवून घेतलाच होता. "नमस्कार, साहेब. आम्ही मनोरा बघायला आलोय. काम चालू आहे ना, तर आम्ही कामाचे फोटो काढतोय. कबुतरांची चार घरटी, वाळूतलं गवत आणि दगड झालेलं सिमेंट मिळालं. फक्त कामगार सापडत नाहीत. शाळेच्या अंकात छापायचंय, म्हणून कामगारांची नावं हवी होती."

फोनवर काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"तिथंच थांबा," साहेब म्हणाले. "आलोच!"

"यात एक शब्द तरी खोटा होता का?" फोन ठेवल्यावर थोरलीनं काळजीनं विचारलं.

"एकही नाही!" पोपट म्हणाला. "आता शाळेच्या अंकात मी खरंच लिहिणार!"

वीस मिनिटांत साहेब हजर झाले. पायात घरातल्या सपाता तशाच होत्या.

"किल्ली काढा," ते रखवालदाराला म्हणाले.

"किल्ली तुमच्याकडे आहे असं काका म्हणाले," मुंगी मध्येच बोलली.

"माझ्याकडे? छे! किल्ली यांच्याकडेच असते!"

सगळे काकांकडे बघायला लागले. काका मटकन खुर्चीत बसले.

"हरवली, साहेब. कबुतरं हाकलताना खिशातून गटारात पडली. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. पाटी लावली. वाटलं, दोन दिवसांत सापडेल." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मग पाटीचं कळल्यावर तुम्ही माणसं पाठवलीत. त्यांनी परांची बांधली, वाळू-सिमेंट टाकलं, पण दार उघडेना म्हणून निघून गेली. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हटलं, काम चालू आहे. तुम्हीही कागदावर तेच लिहिलंत. चौदा महिने रोज सकाळी उठलं की आधी ती किल्लीच आठवते. दमलो हो मी."

साहेबांची नजर त्या पाटीकडे गेली. एकदाही येऊन न बघता त्यांनीही चौदा वेळा सही केली होती.

"कुलूप तोडा!" शेवटी ते म्हणाले.

"नको!" थोरली ओरडली. "आधी नकाशा उतरवा! भिंत ओली आहे, हातोड्यानं हादरेल!"

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे. मग—"

"मग नाही. आधी!" हा आवाज आईचा होता. वॉर्डात ज्या आवाजानं मोठमोठे डॉक्टर बाजूला सरकतात, तो! "दालनात चला! साहेब, तुम्ही ती बाजू धरा. काका, उठा, तुम्ही ही. बाई, तुम्ही आणि मी खालून. मुलांनो, वाट मोकळी करा!"

चौकट भयंकर जड होती. साहेबांची एक सपात सुटली, पण नकाशा इंचाइंचानं खाली आला आणि समोरच्या कोरड्या भिंतीला टेकला. मुंगीनं मध्ये घुसून कोपऱ्याला खांदा लावलाच!

मग काकांनीच हातोडा घेतला. एक घाव, दोन घाव, तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. त्याच क्षणी दालनात धप्पकन आवाज झाला. नकाशा होता तिथला, दारभर उंचीचा गिलावा भिंतीपासून सुटून जमिनीवर कोसळला होता! साहेब आत धावले, त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि मग थोरलीकडे.

मनोऱ्यात पायऱ्यांवर शेवाळ साचलं होतं आणि टाकीतून पाणी धो धो ओसंडत होतं. टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा अडकून बसला होता. काकांनी मुख्य तोटी फिरवली. धार बारीक झाली, थांबली. आत एकदम शांत झालं.

"उद्या सकाळी कार्यालयात या," साहेब काकांना म्हणाले. "दोघं मिळून खरं काय ते लिहून देऊ. माझंही त्यात येईल."

काकांनी मान हलवली. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की जणू तो चौदा महिने कोंडलेला होता.

सगळे बाहेर चौकात आले. दालनाच्या बाईंनी पोपटाच्या आणि मुंगीच्या पाठीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. साहेबांनी घसा साफ केला.

"मुलांनो! आम्ही मोठी माणसं एकमेकांच्या भरवशावर बसून राहिलो, आणि तुम्ही नुसती सहल ठरवता ठरवता जे पाहिलंत ते आमच्या खात्यातल्या एकालाही दिसलं नाही! विशेषतः ही तुमची ताई! इतकी हुशार, इतकी सावध मुलगी मी आजवर—"

"श्शू!" आई म्हणाली.

बाकावर आईच्या शेजारी बसलेली थोरली तिच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. वही मांडीवरून घसरत होती. आईनं ती अलगद काढून घेतली आणि उघडून बघितली. गाडीच्या वेळा, तळमजल्याची खोली, बागेतली सावलीची बाकं, 'आईला उठवायचं नाही' या शब्दांखाली ओढलेल्या दोन रेघा. आई बराच वेळ ते पान बघत राहिली. मग तिनं लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"जरा हळू बोला, साहेब," ती म्हणाली. "पाच आठवडे माझं घर हिनं सांभाळलंय. आज कुठे झोपलीय."

साहेबांनी आजूबाजूला बघितलं, बाकाजवळ थोडे पुढे झुकले आणि उरलेलं सगळं कौतुक कुजबुजत्या आवाजात पूर्ण केलं.