तारीख नसलेली रेघ

"झाडपाला चिकटवून कुठे पाय बरा होतो का?" आई माझ्या कानाशी पुटपुटली. मी तिचा पाय स्टुलावर ठेवत होते आणि पट्टीवाला दारात बूट काढत होता.

"ऐकू आलं मला," तो म्हणाला.

"यावं म्हणूनच बोलले!"

महिन्यापूर्वी दवाखान्याच्या लिफ्टमध्ये आईची चाकाची खुर्ची त्याच्या पायावरून गेली, आणि माफी मागायची सोडून मी जांभई दिली. अशी आमची ओळख. पलंगाचा कोपरा लागून आईच्या नडगीवर झालेली जखम चिघळली होती. त्याच्याकडे जंतू मारणाऱ्या, एका झुडपाच्या अर्काच्या चिकटपट्ट्या होत्या. नव्याच, अजून तपासणीतल्या. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो घरी यायचा, पट्टी बदलायचा आणि लालीच्या कडेने पेनने रेघ ओढून शेजारी तारीख घालायचा. लाली रेघेच्या आत राहिली तर पट्टी चालू. बाहेर गेली की पट्टी बंद, थेट डॉक्टरांकडे.

दिवसभर मी फोनवर अनोळखी लोकांच्या तक्रारी ऐकते, घरी आल्यावर ओळखीच्या. केस विंचरायचंही त्राण उरत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र... उरायचं.

"काल झोपलात का?" त्याने हातमोजे चढवत विचारलं.

"हो. बसमध्ये, उभ्याउभ्या."

"मग स्वप्न पडलं असेल—"

"पडलं. तुम्ही आला होतात."

"आणि?"

"आणि मी झोपूनच राहिले."

तो हसला. त्याच्या डोळ्यांखालीही माझ्यासारखीच काळी वर्तुळं होती. हसला की तीही हसायची. मग तो पायावर वाकला आणि... थांबला.

लाली रेघेच्या आत होती. पण रेघेशेजारी तारीख नव्हती. त्याने हलकेच बोट फिरवलं. हातमोजा काळा झाला.

"ही रेघ माझी नाही," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांकडे. डोळ्यांतल्या काजळाकडे.

सकाळी पेन्सिल बोथट लागली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"तिच्याकडे काय बघता?" आई म्हणाली. "मी काढली. तुमची पुसली आणि जरा ऐसपैस काढली."

"आई! पाय आहे तो तुझा!"

"माझाच ना? पट्टी बंद झाली की यांचं येणं बंद. मग तू पुन्हा पिंजारलेल्या केसांनी भिंतीकडे बघत जेवणार. ते मला बघवत नाही बाई."

त्याने हातमोजे काढले, आईचं कपाळ चाचपलं, डॉक्टरांना फोन लावला. "ताप नाही... पण पसरलंय. हो, लगेच आणतो."

फोन ठेवून तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"शुक्रवारीच लाली काठावर आली होती," तो म्हणाला. "तुम्हीही पाहिलंत."

मी मान हलवली. पाहिलं होतं. 'दोन दिवस बघू' असं तो म्हणाला, तेव्हा मी किती घाईने 'हो' म्हणाले होते...

"ही पट्टी यांना लागू पडत नाहीये. मी तेव्हाच बंद करायला हवी होती. पण मला—मला मंगळवारी यायचं होतं."

आईने माझ्या पाठीत कोपर खुपसलं. मी इतकी दमले होते, की लाजायलाही जोर नव्हता.

"उद्या बुधवार आहे," मी म्हणाले. "तरी या."