प्रुइट आजोबांचा चांदीचा डॉलर

"ए कार्ट्यांनो! टेबलाला हात लावायचा नाही!" नाणी पारखणारा स्ट्राउड खेकसला.

मार्लिस, तिचा धाकटा भाऊ ड्यूई आणि मैत्रीण इत्सेल मागे सरकली. सुट्टी लागली होती आणि कार्सन सिटीतल्या एका शाळेत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मुलं आली होती शेजारच्या प्रुइट आजोबांबरोबर. आजोबा एरवी सदा तिरसट, पण आज इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांच्या वडिलांनी जपलेला १८८९चा डॉलर त्यांना गावच्या संग्रहालयात ठेवायचा होता. याच गावच्या टांकसाळीत पाडलेला!

स्ट्राउडने नाणं तोललं, भिंगाखाली धरलं आणि चिठ्ठी खरडली. "चांदी अस्सल आहे. पण गरुडाखालची 'सीसी' ही कार्सन सिटी टांकसाळीची अक्षरं मागाहून चिकटवलेली दिसतात. थांबा, आत मोठ्या भिंगातून बघतो."

पडद्यामागे कुठला तरी खोका उघडल्या-मिटल्याचा आवाज झाला. दोन मिनिटांनी तो बाहेर आला आणि नाणं त्याने आजोबांपुढे टाकलं. "चिकटवलेलीच! न्या घरी. म्हातारपणी नसती थेरं!"

आजोबांनी नाणं आणि चिठ्ठी उचलली. बाहेरच्या बाकावर ते मटकन बसले.

ड्यूईने नाणं बोटावर तोलून टिचकी मारली. ठक्!

"सकाळी हे किती वेळ किणकिणत होतं! आजोबा, त्याने नाणं बदललंय!"

"गप्प बस! आणखी शोभा नको माझी."

"चिठ्ठीत तर लिहिलंय, चांदी अस्सल," मार्लिस म्हणाली. "मग बघूच या! इत्सेल, सरबतवाल्याकडून बर्फ आण!"

मुलांनी प्रदर्शनाच्या अध्यक्ष फेरिसबाईंना गाठलं आणि थेट स्ट्राउडच्या टेबलाशी आणलं.

"ही चिठ्ठी तुमची?" मार्लिसने विचारलं.

"माझीच! वाचता येत नाही का?"

"आणि हेच ते नाणं?"

"हेच, हेच! किती वेळा सांगू? चालते व्हा!"

फेरिसबाईंनी आपला एक जुना डॉलर शेजारी ठेवला. मार्लिसने दोन्हींवर बर्फाचा एकेक खडा ठेवला. बाईंच्या डॉलरवरच्या बर्फाचं बघता बघता पाणी झालं. दुसरा खडा मात्र ढिम्म!

"चांदीवर बर्फ भराभर वितळतो," बाई सावकाश म्हणाल्या. "ही चांदी नाही, स्ट्राउड."

भोवती गर्दी जमली. स्ट्राउड लाल झाला. "या भुरट्यांनीच बदललं असेल!"

"पडद्यामागचा खोका उघडा!" ड्यूई ओरडला.

"उघडा की! काऽही सापडणार नाही!" स्ट्राउड गुरगुरला, पण त्याचा हात नकळत कोटाच्या खिशावर गेला. इत्सेलने ते नेमकं टिपलं.

"खोका राहू द्या, खिसा बघा!"

स्ट्राउड दाराकडे वळला. दारात प्रुइट आजोबा उभे होते, हाताची घडी घालून. "चाळीस वर्षं बस चालवलीय मी. तिकीट दाखवल्याशिवाय कुणाला उतरू दिलं नाही. काढ!"

खिशातल्या रुमालातून डॉलर निघाला. काळपट, कडेला निळी-जांभळी झाक असलेला! फेरिसबाईंनी तो भिंगाखाली धरला. "अक्षरं चिकटवलेली नाहीत. नाण्याबरोबरच उठलेली आहेत. आणि हा वर्षानुवर्षं चढलेला रंग बघा! कुणी घासून वाट लावली नाही याची. शाबास पोरांनो! आमच्यासारख्या जाणत्यांचे डोळे उघडलेत!" मग त्यांनी पोलिसांना फोन लावला.

आजोबा घसा खाकरत मुलांकडे वळले. "बर्फ आणायचं कुणाला सुचलं?"

"मला," मार्लिस हळूच म्हणाली.

"हं. उद्या सकाळी तिघं घरी या, साबणाने हात धुऊन. नाणं कडेने कसं धरायचं ते शिकवतो. आणि उशीर केलात तर दार उघडणार नाही!"