जामच्या पल्याड

फोन बंद झाला तरी सुचिताचे हात कणकेतून निघाले नाहीत... मळतच राहिले, मळतच राहिले!

फोन जाम नदीपलीकडच्या सावरगावहून होता, तिच्या थोरल्या भावाचा, दादारावचा. "सुचे, मायनं कालपासून पानी सोडलं वो! तुहंच नाव घेऊन राहिली. ये बाई, दगडं सुरू व्हायच्या आत ये. एकदा का गोटमार सुरू झाली, का सांजेपर्यंत पूल बंद!"

स्वयंपाकघर ते ओसरी, एवढंसं घर. फोन सगळ्यांनी ऐकला. ओसरीवर तूर निवडत बसलेल्या मनकर्णेनं सुपातून मान वर न काढता थोरल्या लेकाला हाक मारली.

"देवीदास, सांग तिले. जायाचं असन तं खुशाल जाय म्हनावं. पन त्या पुलावरून आज गेलेली बाई या घरात वापस येनार नाही."

सून चार हातांवर होती. तरी सासूचा शब्द असा वळसा घालूनच तिच्यापर्यंत यायचा, गेली कित्येक वर्षं. मनकर्णा तिच्याशी बोलत नव्हती; तिच्याविषयी बोलत होती. आणि देवीदास, नवरा, तो शब्द उचलून इकडून तिकडे नेऊन ठेवायचा, पाण्याची कळशी ठेवावी तसा, मुकाट.

आता आपल्याला रडू यायला हवं, एवढं सुचिताला कळत होतं. पल्याड जन्मदाती निघाली आहे, मधे एक पूल आहे, आणि आपण कणीक मळतो आहोत! पण काळजात काही हलेना. दात उपटताना हिरडी बधिर करतात, आणि मग जिभेनं चाचपलं तरी ती आपली वाटत नाही, तसं तिचं सगळं आतलं अंग झालं होतं. कुणी माहेरचं विचारलं की ती जीभ तिथं फिरवून पाही. काही नाही!

माहेर तुटलं त्या पहिल्या वर्षी मात्र तसं नव्हतं. पहिल्या वर्षी ती संत्र्याच्या बागेत एकटीच असताना गुणगुणायची, तिचं तिनंच जुळवलेलं,

जामच्या गं पल्याड माह्या माहेराचं दार,
घोटाभर पानी बाई, झालं सागरापार...

मग तेही ओठांवरून उतरलं.

"काहून?"

हा आवाज गौतमचा होता. धाकटा दीर. काल पोळ्याच्या संध्याकाळी तो घरी आला होता, उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून. हैदराबादच्या संघाचा क्वार्टरबॅक! अमेरिकन फुटबॉल या लांबोळक्या चेंडूच्या खेळात ज्याच्या हातातून सगळा डाव सुरू होतो, तो. त्यांच्या गावात, पांढुर्ण्यात, त्याचे फलक लागले होते, आणि काल सत्काराचं विचारायला आलेल्या पोरांनी तर हसून हसून ओसरी डोक्यावर घेतली होती. "अबे, क्वाटर घरी आला अन् बिनापार्टीचा?" म्हणून! गौतमही हसला होता, पण त्याचा खांदा हसला नव्हता. तो हात आता चेंडू फेकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"काहून बंदी?" त्यानं पुन्हा विचारलं. "वहिनीची माय मरून राहिली, अन् तिनं जाऊ नये? काहून, आई?"

"तू नोको पडू यात. तू आपला खेळ!" मनकर्णा म्हणाली.

गौतमचा चेहरा असा उतरला, जणू कुणी त्याला थोबाडीत दिली!

*

गोष्ट गोटमारीचीच होती. वर्षानुवर्षं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि पांढुर्णा या काठानं, सावरगाव त्या काठानं... दगड! झेंड्यासाठी. चंडीमातेच्या नावानं. गोटमारीत दगडाला नाव नसतं. कुणाचा कुणाला लागला, हे कुणी विचारत नाही, आणि कुणी मनात धरत नाही. दोन्ही गावांत सोयरिकी होतात, सकाळी दगड आणि रात्री पाहुणचार.

मनकर्णेच्या सासऱ्यानं देवीला नवस बोललेला होता, की या घरातला एक गडी दरवर्षी पाण्यात उतरेल. सुचिताचं माहेर तुटलं त्या वर्षी पाळी गौतमची होती. अठरा संपलेला, आडदांड पोरगा! त्याचा हात साऱ्या पांढुर्ण्यात गाजलेला. नागपूरच्या कॉलेजात एका प्रशिक्षकानं तो हात पाहिला आणि चेंडू दिला, तेव्हापासून सुट्टीत बागेतल्या झाडांच्या दोन ओळींमधून वहिनी धावायची आणि हा फेकायचा.

"वहिनी, तुमी मांगं पाहू नोका, धावा फक्त. मी तुमी हाये तिथं नाही टाकत, तुमी पोचसान तिथं टाकतो!"

आणि खरंच, ती मान वळवायची तेव्हा चेंडू पदरात येऊन पडलेला असायचा. लग्न होऊन आलेल्या त्या घरात सुचिता पोटभर हसली असेल, तर त्या दोन ओळींच्या मधल्या मातीत.

त्या गोटमारीच्या पहाटे तो चुलीपाशी येऊन उभा राहिला होता.

"वहिनी... मले भेव लागून राहिलं."

एवढंच! तिनं त्याच्याकडे पाहिलं. काय सांगणार होती ती त्याला? पांढुर्ण्यात पळालेल्या गड्याला पडलेलं नाव म्हातारपणीही त्याच्या मागे फिरतं. तिनं त्याची पिशवी भरली, भाकरी बांधली, मागचं दार उघडलं. उजाडल्यावर शोधाशोध झाली तेव्हा ओसरीवर, चुलतसासऱ्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर ती म्हणाली, "मीच पाठवलं त्याले नागपूरले. तो जात नव्हता. त्याच्या हाताले काही झालं असतं तं?"

घराचा नवस मोडायचा नाही, म्हणून देवीदासनं डोक्याला गमछा गुंडाळला आणि तो पाण्यात उतरला. दुपारी त्याला खाटेवर घालून आणलं. डावा डोळा गेला होता.

आणि कधी कुणी न विचारलेला प्रश्न मनकर्णेनं त्या दिवशी विचारला. दगडाला नाव दिलं!

"सावरगावची! दिराले वाचवलं, अन् माह्या देवीदासले भावांच्या दगडाखाली धाडलं! आता थो पूल तुले बंद."

सुचितानं एक अक्षर काढलं नाही. एक शब्द बोलली असती, तर गौतमचं नाव गेलं असतं.

गौतम पुढे पुण्याच्या संघात गेला, तिथून हैदराबादला. ती मोबाईलवर सामने पाहायची, बागेत, एकटी. पाच धिप्पाड गडी त्याच्यासमोर भिंत करून उभे राहत, पलीकडून तेवढेच धिप्पाड गडी ती भिंत फोडत येत, आणि हा मधोमध उभा! चेंडू हातात, नजर लांबवर. दुसरे क्वार्टरबॅक अंगावर कुणी येताना दिसला की चेंडू बाहेर फेकून मोकळे होत. हा शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचा, फेकायचा, आणि मग त्या अंगांखाली नाहीसा व्हायचा. सामन्याचं वर्णन करणारे ओरडायचे, 'याला भीती ठाऊक नाही!' सुचिता स्क्रीनवर बोट ठेवून पुटपुटायची, "पळ ना रे बापा... पळ!" तो पळत नव्हता. असाच एकदा थांबला, आणि खांदा निखळून आत सगळं फाटलं.

सणावाराला तो येत नसे. आला तर एका रात्रीपुरता, पाहुण्यासारखा. "मोठा झाला ना आता," गाव म्हणायचं.

*

"हेच बोलतं तू, आई. दरवेळी फोनवर हेच. 'तू आपला खेळ,'" गौतम म्हणाला. त्याचा आवाज जमिनीला लागला होता. "मी फोन ठेवून रडत जाये. मले वाटे, माय थुकून राहिली माह्यावर!"

"माय मर जाय! थुकीन कायले?"

"पळालो म्हनून!"

तुरीचं सूप थांबलं.

"कोन पळालं?" मनकर्णा म्हणाली. "हिनं पाठवलं तुले. साऱ्या आळीसमोर सांगतलं हिनं."

गौतम उठला. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, चौकट धरून, डाव्या हातानं.

"वहिनी... तुमी काय सांगतलं घरी?"

सुचिता पुन्हा कणीक मळू लागली.

"बोला ना वो! मी पळालो, आई. भेलो अन् पळालो! मले वाटलं, साऱ्यांले ठाऊक हाये, म्हनून मी तोंड दाखवत नव्हतो. दादाचा डोळा मी खाल्ला, अन् तुमी मले फलकं लावून राहिले! मैदानात उभा राहिलो ना, का समोर मले जामचंच पानी दिसे. मनात म्हनो, आता हलू नोको, आता तरी हलू नोको... अन् वहिनीनं... वहिनीनं हे आपल्या अंगावर..." एवढा थोरला गडी चौकटीला डोकं लावून लेकरासारखा हुंदके देऊ लागला!

मनकर्णेनं देवीदासकडे पाहिलं, आधारासाठी पाहावं तसं. आणि देवीदास खाली मान घालून म्हणाला,

"मले ठाऊक होतं."

आता सुचितानं मान वर केली.

"त्या पहाटे मी बागेतून येऊन राहिलो होतो. हा बसस्टँडवर, चहाच्या टपरीमांगं बसला होता, तोंडावर टॉवेल घेऊन. कापून राहिला होता. मी समजलो."

"मंग बोलला काहून नाही तू?" आई ओरडली.

"आपल्या घरचा पोट्टा पळाला, हे कोन्या तोंडानं सांगू? अन् हिनं आपल्या अंगावर घेतलंच होतं... मले वाटलं, चार दिवसांत तू विसरशीन."

चार दिवस!

सुचिता त्या एका डोळ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या, मिटलेल्या डोळ्याची खोबणी ती रोज सकाळी कोमट पाण्यानं पुसत आली होती, एवढ्या हळुवार, की जणू तिथं अजून डोळाच आहे. सासूचे शब्द तिनं सोसले, माहेर सोडलं, आणि प्रत्येक रात्री स्वतःची एकच समजूत घातली, की यांना ठाऊक नाही, ठाऊक असतं तर हे बोलले असते! ती एवढ्याशा आधारावर टेकली होती. त्यानं तो काढून घेतला, आणि तरीही, देवा, तरीही आत काही दुखेना!

तिनं हात धुतले. पदरानं पुसले. उंबऱ्यापाशी येऊन ती पहिल्यांदाच थेट सासूच्या डोळ्यांत पाहून बोलली.

"मी जाऊन राहिली, आई. वापस घ्या, का नोका घेऊ."

आणि निघाली.

*

गल्ली अर्ध्यावर आली असेल, तोच मागून धापा टाकल्याचा आवाज आला. मनकर्णा! अनवाणी, पदराची शुद्ध नाही, आणि तिच्या मागे झोळीतला हात सांभाळत गौतम. तिघं पोचली तेव्हा नदीकाठी माणसांचा पूर लोटला होता, पात्रात पळसाचा झेंडा फडफडत होता, दोन्ही काठांवर दगडांचे ढीग. पुलावर पोलिसांनी लोखंडी कठडे आडवे ओढून घेतले होते.

"आता कोनी नाही जानार, आजी. टाइम झाला."

"माही विहीन मरून राहिली, अन् तू मले टाइम सांगतं?" मनकर्णा कडाडली. "सरक, नाही तं पहिला गोटा तुलेच पडते आज!"

तो शिपाई बिचारा हसलाच. कठडा हातभर सरकला. काठावरून कुणी तरी आरोळी ठोकली, "अबे क्वाटर! सावरगावकडं कुठं? आज कोन्या बाजूनं हाये तू?"

"वहिनीच्या!" गौतम मागे न पाहता ओरडला.

पूल ओलांडताना सुचिताला वाटलं, आता पाय थरथरतील, छाती भरून येईल. चपलांचा आवाज तेवढा आला. मागे, कठड्यापाशी, देवीदास येऊन उभा राहिला होता. तिला ते पाठीला जाणवलं. तिनं त्याला ये म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. तो अजून त्या काठावर होता. किती दिवस राहील, हे तिलाही सांगता आलं नसतं.

दारातच दादाराव भेटला. बहिणीला पाहून त्याचा बांध फुटला, आणि बहिणीच्या मागे त्या घरची सासू पाहून तो बोलायचंच विसरला. आत खाटेवर माय होती, चिमटीत मावेल एवढी उरलेली. नजर गढूळ झाली होती. तिनं हात लांबवून सुचिताचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, गाल.

"आली?" ती म्हणाली. जणू लेक सकाळी विहिरीवर गेली होती, आणि आता आली!

"आली, माय."

मनकर्णा खाटेपाशी जमिनीवरच बसली. "विहीनबाई... तुमच्या लेकीले मी मुकी करून टाकलं वो! तिच्या तोंडचा घास तिनं माह्या पोराच्या नावाले दिला, अन् मी तिलेच..." तिनं सुनेच्या पावलांवर डोकं टेकलं. सुचिता मागे सरली, तरी म्हातारी पाय सोडेना. गौतम रडत होता, दादाराव रडत होता, भावजय दाराआड डोळे पुसत होती. एकट्या सुचिताचे डोळे कोरडे ठक्क.

"बोल ना वो माह्याशी काही," मनकर्णा कळवळली. "शिव्या दे. मार. पन बोल!"

सुचितानं आत राग शोधला, सापडला नाही. माया शोधली, तीही हाताला लागेना. अंगात एकच गोष्ट होती, किती तरी वर्षांची, आणि ती आता डोळ्यांवर, मानेवर, हातांवर उतरून येत होती.

"मले निजू द्या थोडं," ती म्हणाली.

आणि मायच्या खाटेवर, त्या उरलेल्या वीतभर जागेत ती आडवी झाली, पाय पोटाशी घेऊन. मायचा हात तिच्या केसांवर पडला आणि तिथंच राहिला. नदीकडून एकच गलका उठला. दगड सुरू झाले होते. आता संध्याकाळपर्यंत कुणी इकडचं तिकडे जाणार नव्हतं. एवढ्या गदारोळात सुचिता झोपली, घोरू लागली, तोंड किंचित उघडं टाकून.

भावजय चहाची कपबशी वाजवत आत आली, तशी खाटेशी बसलेल्या मनकर्णेनं पदरानं वारा घालणारा हात थांबवून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू वो बाई," ती कुजबुजली. "माही सून निजली हाये."