मावशीच्या चौदा वर्षांच्या दाढा

तो माझ्या दुरुस्तीच्या दुकानात शिरला तेव्हा त्याने हार्ड डिस्क नॅपकिनमध्ये गुंडाळून छातीशी धरली होती. जणू तान्ह्या बाळाला डोस पाजायला आणलंय.

"मरतेय का हो ही?"

मी जोडली, कान लावला. कर्रर्र... "मरतेय. तुम्ही काय दिवे लावलेत?"

त्याने सांगितलं. मावशी दातांची डॉक्टर, हा तिच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर सांभाळणारा भाचा. ही डिस्क थकली म्हणून नवी आणली आणि सगळं माऊसने ओढून तिच्यात ओतलं. सिस्टीमसकट! प्रत्येक फाइलीवर मालक कोण, उघडायची परवानगी कोणाला, हे नोंदलेलं असतं. ते गेलं उडत. चौदा वर्षांच्या एक्स-रेंचा मालक झाला हा शहाणा, आणि मावशीला स्वतःच्याच पेशंटची दाढ दिसेना.

"डिग्री आहे?"

"आहे."

"वाटलंच."

मला कोणी शिकवलं नाही. बिघडवत, बोलणी खात शिकले. डिग्रीवाला माझ्या दारात आला की मला गुदगुल्या होतात, खोटं कशाला बोलू? पण याचे कान लाल झाले होते... आणि मेले ते कान बरे दिसत होते.

"पाचपर्यंत झालं नाही तर मावशी मला बाबांच्या फरशीच्या दुकानात पाठवणार. दुसऱ्या गावी."

"मग जा की."

"तुम्हाला चालेल?"

मी पिशवी उचलली.

दवाखान्यात पडद्यामागे मावशीचं ड्रिल घूं-घूं करत होतं. मी पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, नवी डिस्क पुसून तिच्यात पार्टिशनं, म्हणजे कप्पे, पाडली, आणि मालकी-परवानग्या जशाच्या तशा ठेवून कॉपी करायचा हुकूम सोडला. जुनी डिस्क कुरकुरली. थांबली. आम्ही दोघांनी श्वास रोखला. पुन्हा सुरू झाली, तेव्हा कळलं — माझं मनगट त्याच्या मुठीत होतं.

"सोडा."

"हो." सोडलं नाही.

पाचला दहा कमी असताना नवी डिस्क सुरू झाली. मावशी हातमोजे घालूनच आली, स्वतःच्या नावाने कॉम्प्युटरमध्ये शिरली. दाढ दिसली!

"कोणी केलं?"

"यांनीच," मी म्हटलं. "मी नुसती बसले होते."

"खोटं बोलतेय," तो म्हणाला. "सगळं हिने केलं. मी फक्त वाट लावली होती."

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "मग मशीन आजपासून हिच्याकडे. तू बॅग भर."

ती पडद्यामागे गेली. माझं डोकं फिरलं. "अरे गाढवा! तुझ्यासाठी खोटं बोलले ना मी?"

"कळलं. पण तुझ्या कामावर माझं नाव लावून राहिलो असतो, तर तुला कुठल्या तोंडाने विचारलं असतं?"

"काय विचारायचं होतं?"

"...फार आवडतेस. रागावलेली जास्तच."

ड्रिल बंद पडलं. पलीकडे दवाखाना कान देऊन बसला होता.

"दुकानात मला हाताखाली माणूस हवाय," मी म्हटलं. "पगार बेताचा. मी ओरडते. सकाळी नऊला यायचं."

"आणि मी विचारलं त्याचं?"

"साडेआठला ये. त्याचं आधी बोलू."

पडद्यामागून पेशंट तोंडात कापूस असतानाच काहीतरी ओरडला. मावशी म्हणाली, "तुम्ही आ करा हो. त्यांचं ठरलंय."