पोट साफ करायच्या दिवशी

सफाक्स शहरातल्या हॉस्पिटलात, दुर्बिणीने आतडं तपासतात त्या खोलीबाहेरच्या बाकावर शादलिया अशी बसली होती, जणू बाकानेच तिचा अपमान केला असावा. नुकतंच तिला परत पाठवलं होतं. आदल्या दिवशी जेवायचं नाही, पण पारदर्शक पातळ भरपूर प्यायचं आणि औषधाने पोट धुऊन काढायचं, असं तिला बजावून सांगितलं होतं. तिला मात्र एवढंच कळलं, की उपाशी राहायचं म्हणजे रोजा. पहाटे उठून सहेरीला जेवावं तशी ती दाबून जेवली, इन्सुलिन नेहमीइतकंच टोचलं, आणि मग दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. औषध सूर्य मावळल्यावर, तेही एकच पेला. डॉक्टरांना दुर्बिणीतून आतडं दिसलंच नाही, म्हणे, आदल्या पहाटे खाल्लेली रव्याची कुसकुस दिसली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उन्हाने रापलेला, पिकल्या मिशांचा माणूस खाली मान घालून हसत होता.

"हसायला काय झालं?" शादलियाने विचारलं.

"तुम्हाला नाही हो, लेल्ला, मलाच हसतोय. मलाही हाकललंय." बाईंना अदबीने म्हणतात तसं 'लेल्ला' म्हणत त्याने मिशीवरून हात फिरवला. "मी केरकेना बेटावरचा. निम्मं औषध घरी प्यालो आणि बोटीत चढलो. बोटीत शौचालय एक... आणि त्याच्यापुढे अख्खं वऱ्हाड रांगेत. उरलेलं निम्मं मी समुद्रालाच पाजलं."

हसायचं नाही असं शादलियाने पक्कं ठरवलं होतं. ओठांनी ऐकलं नाही. चिडून तिने ओढणी पुढे ओढली, पण डोळे उघडेच राहिले, आणि त्याने ते पाहिले.

तेवढ्यात सुंदुस नर्स आली आणि दोघांना एकत्रच झापलं. दोघेही मधुमेही, दोघेही इन्सुलिनवर, आणि दोघांनाही अक्कल नाही, असं तिचं म्हणणं पडलं. त्या दिवशी इन्सुलिन किती कमी करायचं ते डॉक्टर लिहून देतील, तेवढंच घ्यायचं. जेवण नाही तर जेवणाआधीची सुई नाही. दर थोड्या वेळाने बोटाला टोचून साखर बघायची. लाल-जांभळं काही प्यायचं नाही, आत रक्तासारखं दिसतं. पुन्हा गोंधळ घातलात तर नाव यादीच्या शेवटी जाईल, मग बसा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

शादलियाच्या शौचात रक्त सापडलं होतं. मोठी बहीण असंच 'बघू पुढे' म्हणत राहिली होती, आणि तिच्या कबरीवर आता गवत होतं. उन्हाळ्यापर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

त्या माणसाचं नाव तिजानी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, शादलियाचा नवरा जाऊनही. तो समुद्रात ऑक्टोपस पकडायचा, आणि दोर-जाळी कुठून घ्यायचा? नेमकं शादलियाच्या मुलाच्या, मोन्सेफच्या दुकानातून. सफाक्स एवढं मोठं शहर, पण गिऱ्हाईक निघालं घरचं. मोन्सेफला कळल्यावर त्याने सांगून टाकलं, की तिजानीसाहेब, तपासणीच्या आदल्या दिवशी बोटीच्या भानगडीत पडू नका, दुकानामागच्या खोलीत राहा, तिथे शौचालयही आहे. शादलियाचं घर गल्लीच्या पलीकडे, समोरासमोर. मुलाला अक्कल कमी असं तिला आधीपासून वाटत होतं. त्या दिवशी खात्री झाली. रागावली ती फार... आणि रागातच नवीन ओढणी काढून ठेवली.

दरम्यान तिजानी जाळ्याच्या निमित्ताने येत राहिला. माणसाला किती जाळी लागतात? दर वेळी शादलिया दुकानात 'सहज' असायची. तो तिची साखर विचारायचा, ती त्याची चूक काढायची. एकदा तो म्हणाला, तुमचं बोलणं ऐकलं की माझी साखर उतरते. तिने विचारलं, मग सुई कशाला घेता? तो म्हणाला, रोज थोडीच येता येतं...

दोघांच्या तपासणीचा आदला दिवस उजाडला. सून रीम शाळेत शिकवायला गेली आणि जाताना सासूसाठी पारदर्शक म्हणून काय ठेवून गेली? डाळिंबाचं सरबत. लालभडक. अशक्तपणाला चांगलं असतं, म्हणे. शिकलेली सून म्हणजे डोक्याला ताप, दुसरं काही नाही. मोन्सेफ माल घेऊन बंदरावर गेलेला. शादलियाने सकाळची सुई डॉक्टरांनी सांगितली तशी निम्मी घेतली, पाणी पेल्यामागून पेले रिचवले, औषधाची चव तोंड वाकडं करून सोसली. तिजानी समोर दुकानामागच्या खोलीत उतरला होता, त्याचा फोन सारखा चालूच होता.

"साखर किती, लेल्ला?"

"तुमच्यापेक्षा चांगली."

"आणि... बाकी?"

"बाकीचं बायकांना विचारत नाहीत."

दुपारची अजान झाली. ही तिची रोजची जेवायची वेळ. हात आपोआप सुईकडे गेला, पोटाला टोचलीसुद्धा, आणि मग तिच्या ध्यानात आलं की समोर ताटच नाही.

थोड्या वेळाने घाम फुटला. बोटं थरथरू लागली, डोळ्यांपुढे टेबल हललं. साखर उतरली हे तिला कळत होतं. समोर ते लाल सरबत. ते प्यावं तर तपासणी गेली, आणि गोड पाणी प्यावं तर उपास मोडला... डोक्यात रोजा आणि हॉस्पिटल यांची पुन्हा खिचडी झाली. फोन वाजत राहिला. तो उचलायला हात येईना. बहिणीसारखी तपासणी पुढे ढकलायची नाही, एवढंच धरून ती भिंतीला टेकली.

दारावर धपाधप थापा पडल्या. दार नुसतं लोटलेलं होतं, ते उघडलं. समोर तिजानी. पांढराफटक, घामाघूम, एक हात पोटावर.

आता हे ज्याने ते औषध प्यायलं आहे त्यालाच कळेल. त्या दुपारी माणूस आपल्या शौचालयापासून दोन पावलंही लांब जात नाही. आणि हा अख्खी गल्ली ओलांडून, माझ्या आईची शपथ, जिना चढून आला होता.

काही न विचारता त्याने साखरेचा डबा शोधला, साध्या पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि पेला तिच्या ओठांना लावला.

"तपासणी..." ती पुटपुटली.

"आधी प्या. भांडण नंतर."

ती प्याली. थोड्या वेळाने त्याने तिच्या बोटाला टोचून साखर पाहिली, पुन्हा अर्धा पेला दिला, पुन्हा पाहिली. आकडा वर आल्यावर नर्सला फोन लावला. सुंदुस पलीकडून कडाडली, की साखरपाणी पारदर्शकच असतं, तपासणी होणार. आणि बाई, लाल प्यायला असतात तरी आम्ही सांभाळून घेतलं असतं, मेला असतात तर नसतं सांभाळता आलं. आता दर थोड्या वेळाने साखर बघत राहा, आणि जेवणाची सुई परत नाही.

फोन ठेवताच तिजानीचा चेहरा बदलला. तो उभा राहिला, खाली बसला, परत उभा राहिला.

"लेल्ला शादलिया... एक विचारायचं होतं."

तिचं काळीज धडधडू लागलं. साखर तर वर आली होती, मग हे कशाने? "विचारा," ती हळूच म्हणाली.

"तुमचं शौचालय कुठाय?"

रीम शाळेतून आली, तेव्हा सासू नवी ओढणी घेऊन विस्कटलेली बसलेली, आणि न्हाणीघरातून परक्या पुरुषाचं खोकणं ऐकू येतंय. तोवर समोरच्या तीन खिडक्यांतून बायका बघत होत्या. शादलियाने सुनेला एवढंच सांगितलं, की तोंड मिट, आणि ते सरबत तूच पी.

दुसऱ्या दिवशी दोघांच्याही तपासण्या झाल्या. शादलियाच्या आतड्यात मांसाचा एक लहानसा कोंब सापडला, तो तिथल्या तिथे काढला. पुढे वाढू दिला असता तर वाईट झालं असतं, डॉक्टर म्हणाले, आता काळजी नको, ठरल्या वेळी परत या. डोळ्यांच्या कडांतून ओघळलं ते तिने पुसलंही नाही.

शेजारच्या खाटेवरून तिजानी, अजून गुंगीतच, तिच्याकडे वळला.

"परत यायचंय म्हणाले. मलाही. त्या दिवशी तुमच्याकडे बघायला कोणी हवं ना..." तो अडखळला. "बेटावर माझं घर आहे. समुद्रासमोर. तुम्ही यावं... कायमच्या यावं, असं वाटतं."

शादलियाने ओढणी सारखी केली. कितीतरी वर्षांत कुणी तिला एवढं घाबरत काही मागितलं नव्हतं.

"घरात शौचालयं किती आहेत?"

"एक."

"दुसरं बांधा," ती म्हणाली, "मग मोन्सेफकडे मागणी घालायला या."