पांढऱ्या बुरशीच्या वड्या

"अवो, त्या पाण्याला ढोरंबी तोंड लावत न्हाईत. बाटल्या भरून कुटं निघालाय?"

ओढ्यात वाकलेला तरुण दचकला. काठावर शालन उभी होती — रखमाजीची लेक, हातात नुसताच विळा. बहात्तरच्या दुष्काळाचं साल. कार्ले गावात गवताची काडी उरली नव्हती. ओढ्याला वाहत होतं ते साखर कारखान्याचं काळपट सांडपाणी. मळीपासून इंजिनात जाळायचं स्पिरिट काढल्यावर उरणारं. तो तरुण, गोरख, तिथल्याच प्रयोगशाळेत कामाला होता.

"यावर बुरशी वाढवतो. वाळवली की जनावरांचं खाद्य होतं."

"बुरशी? आन् खानार कोन?"

गोरखने पिशवीतून पांढरट वडी काढून निम्मी स्वतः खाल्ली. उरलेली शालनने त्याच्या हातातून घेतली, तोंडात टाकली...

"लय वंगाळ!" ती हसली. कित्येक महिन्यांनी.

रखमाजीचा एक बैल आधीच मेला होता. दुसरा, पवळ्या, उठत नव्हता. शालन रोज वड्या न्यायला कारखान्यामागच्या गोरखच्या शेडवर जाऊ लागली. वड्या देता-घेता बोटं लागायची... मग दोघंही वड्यांकडेच बघत राहायची. महिन्याभरात पवळ्या उभा राहिला.

"बैल उठला. आता कशाला याल तुम्ही?"

"बैलासाठीच येते व्हय मी?"

पुढे वड्यांचा एक घाणा बिघडला. वड्यांवर काळी बुरशी चढली. "या टोपलीला हात लावू नका, जाळायच्यात," गोरखने बजावलं. दुसऱ्या दिवशी तो शेडवर नव्हता, चांगली टोपली रिकामी होती आणि घरी पवळ्या हंबरत होता. शालनने दोन वड्यांवरचं काळं खरवडलं...

संध्याकाळपर्यंत पवळ्या तोंडाला फेस येऊन मेला.

गावातली माणसं शेडवर धावली. गोरखने शालनचा चेहरा पाहिला आणि ओळखलं. "चूक माझी आहे," तो म्हणाला. कुणीतरी भिरकावलेला दगड त्याच्या कपाळावर बसला.

शालन मध्ये शिरली. "आबा, ते नगं म्हनले हुते. मीच घातल्या."

रखमाजी मटकन खाली बसला. लेकीवर हात उगारायचंही बळ त्याच्यात नव्हतं.

कारखान्याच्या साहेबांनी प्रयोग बंद केला, गोरखला काढून टाकलं. तो ट्रंक घेऊन रस्त्यावर बसची वाट बघत असताना शालन आली. डोळे सुजलेले.

"आबा बोलत न्हाईत. पाऊस आला तर नांगर मी आन् आईच वढनार." ती थांबली. "जाताना ती पांढरी बुरशी कशी वाढवायची, तेवडं शिकवा. गावात आजून ढोरं हायेत."

"शिकायला महिने लागतात."

"मंग ऱ्हावा की..." तिने ट्रंकेवर हात ठेवला. "माझ्यासाठी ऱ्हावा."

"तुमचे आबा दारात उभं करणार नाहीत."

"मलाबी कुटं करत्यात?"

बस आली, थांबली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. गोरखने ट्रंक उचलली आणि तो शालनच्या मागोमाग गावाच्या वाटेला लागला.