पांढऱ्या रेघेच्या वर

हरणांचा हंगाम सुरू व्हायला आठ दिवस होते, तेव्हा वेंडेल बेनीच्या दुकानात ट्रायपॉड घ्यायला गेला. तसं साधं काम. दुर्बीण त्याच्याकडे होती, पंधरा पट जवळ आणणारी. पण नुसत्या हातात धरली तर इतकी हलायची, की हरीण कोणतं आणि झुडूप कोणतं ते कळू नये. तिला खाली तीन पाय लागतात. तेही त्याच्याकडे होते, पण बुटके, जमिनीवर बसून बघण्यापुरते. आता त्याला उभं राहून बघायचं होतं.

अ‍ॅरिझोनाच्या त्या दक्षिण टोकाला शिकार म्हणजे आधी बघणं. पहाटे डोंगराच्या एका धारेवर जायचं आणि समोरचा उतार झुडूपन् झुडूप पिंजून काढायचा. चालायचं नंतर.

"वीस वर्षं तुझ्या कानीकपाळी ओरडतोय," बेनी म्हणाला. "बसून बघशील तर अर्धाच डोंगर दिसेल. पण तुझं आपलं एकच, पाठीवर ओझं नको. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला वाटतं?"

"तसंच समज."

बेनीने तीन काढून दाखवले. पहिला भक्कम, पण तो वाहून न्यायला खेचरच हवं. दुसरा हलका, त्याची मधली दांडी वर ओढली की तो डोळ्यापर्यंत यायचा. "ही दांडी वाऱ्यात म्हाताऱ्याच्या मानेसारखी डुलते," बेनीने स्वतःच सांगितलं आणि तो बाजूला ठेवला. तिसरा कार्बनचा, दीड किलोच्या आत, आणि मधली दांडी वर न ओढता नुसत्या पायांवर डोळ्याच्याही वर जाणारा. "चढावर एक पाय खाली जातो, तेव्हा ही जास्तीची उंची कामाला येते. घे हा. सरळ उभा राहा."

वेंडेल उभा राहिला. बेनीने उंची जुळवली आणि तिन्ही पायांच्या नळ्यांवर पांढऱ्या रंगाने एकेक रेघ मारली. "हे तुझे डोळे. ऑरिन असता तर रेघ वीतभर वर मारावी लागली असती."

मग बेनीने रंगाच्या डबीचं झाकण लावलं.

ऑरिन हा वेंडेलचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, म्हणजे लारूचा, धाकटा भाऊ. ताडमाड उंच, आणि कायम उभं राहूनच बघणारा. गेल्या हंगामात तो दोघांच्या नेहमीच्या धारेसमोरच्या उतारावर गेला आणि संध्याकाळी परतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधाची माणसं यायच्या आत वेंडेलने त्याच धारेवरून दुर्बीण लावली. वारा झोंबत होता. तो आपल्या नेहमीच्या सपाट दगडावर, झुडपांच्या आडोशाला बसला. बसल्या जागेवरून पुढच्या लाल खोडाच्या झुडपांवरून उताराचा वरचा भाग दिसायचा, खालचा नाही. हे त्याला ठाऊक होतं. उठायला हवं होतं. तो उठला नाही, थर्मासमधली कॉफी प्यायला, आणि शेरीफची माणसं आल्यावर म्हणाला, "तो उतार मी पिंजून काढलाय."

वेंडेलने बघितलं म्हणजे बघितलं, असा त्याचा लौकिक होता. सगळे डोंगराच्या पलीकडे गेले. ऑरिन सातव्या दिवशी सापडला, त्याच उतारावर, खालच्या एका सपाट खडकावर, खुबा मोडलेला. शेजारी काठीला नारिंगी टोपी बांधलेली. डॉक्टर म्हणाले, पडल्यानंतर दोन दिवस तरी तो जिवंत होता.

वेंडेलला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला ती जागा बघायचीय," लारू म्हणाली होती. "तू वरून वाट दाखव. मी एकटी जाईन."

म्हणून हा ट्रायपॉड.

ती दोघं धारेवर पोचली तेव्हा ऊन पडलं होतं. वारा नव्हता. वेंडेलने ट्रायपॉडचे पाय पांढऱ्या रेघेपर्यंत ओढले, कड्या आवळल्या आणि वर दुर्बीण बसवली. लारूने गळ्यात छोटी दुर्बीण अडकवली. शिकाऱ्यांच्या खुणा तिला लहानपणापासून पाठ होत्या. वरच्या माणसाने टोपी ज्या हाताला धरली त्या हाताला वळायचं, डोक्यावर धरली की पुढे जायचं, छातीशी धरली की थांबायचं.

"नजर हटवू नकोस माझ्यावरून," ती म्हणाली.

"नाही हटवणार."

ती ओहोळात उतरून दिसेनाशी झाली. वेंडेल उभा राहिला आणि त्याने दुर्बिणीला डोळे लावले. वर्षभर न बघितलेला तो खालचा खडक सरळ समोर आला. किती सोपं होतं ते. नुसतं उभं राहायचं होतं.

खडकावर काहीतरी नारिंगी होतं.

ते हललं. डावीकडे... उजवीकडे... पुन्हा डावीकडे. सावकाश, हात भरून आलेल्या माणसाने हलवावं तसं.

लारू अजून ओहोळातच होती.

 वेंडेल मागे सरकला आणि त्या सपाट दगडावर मटकन बसला. पुन्हा उठून बघायला हवं, हे त्याला कळत होतं. लारू झुडपांत वाट चुकेल, हेही कळत होतं. तो उठला नाही. आपण किती हलकट आहोत, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

मग वास आला. ऑरिन ओठाखाली दाबायचा त्याच तंबाखूचा, पुदिन्याच्या. पाठीमागून खडी करकरली आणि ट्रायपॉडपाशी येऊन थांबली. एक कडी सुटली. टक्... दुसरी... तिसरी... नळ्या सरकल्याचा बारीक आवाज आला.

वेंडेलने मान वर केली नाही. पायातल्या बुटाच्या नाडीकडे तो बघत राहिला.

दीडएक तासाने लारू परत आली. डोळे लाल होते, पण चेहरा निवळला होता. ती त्याच्याजवळ टेकली आणि वर्षभरात पहिल्यांदा तिने त्याचा हात हातात घेतला.

"दोनदा चुकले होते रे मी. झुडपांत काही दिसेना. पण तू खुणा बरोब्बर केल्यास. डावीकडे, डावीकडे, मग पुढे. अगदी खडकाशी गेल्यावर टोपी छातीशी धरलीस."

वेंडेल अजून नाडीकडेच बघत होता.

"तिथून किती उंच दिसत होतास तू," ती म्हणाली. "मला बरं वाटलं. वाटलं, त्याच्यासाठीही तू असाच उभा राहिला असशील."

ती हात सोडायच्या आत त्याला बोलायचं होतं. "लारू... मी बसलो होतो."

"आज?"

"आजही. तेव्हाही."

तिने हात काढून घेतला. 

"माणसं तुझ्या शब्दावर पलीकडे गेली," ती म्हणाली.

"हो."

"तो दोन दिवस टोपी हलवत होता."

"हो."

ती उठली. 'आजही' म्हणजे काय, ते तिच्या ध्यानात आता आलं असावं, कारण ती ट्रायपॉडकडे वळून थबकली. पांढऱ्या रेघा कड्यांच्या खाली राहिल्या होत्या. पाय त्यांच्या वर आणखी वीतभर ओढलेले होते. लारूने टाचा उंचावून हात वर नेला. दुर्बिणीच्या मागच्या भिंगांवरून फिरवलेली बोटं तिने त्याच्यासमोर धरली. ओली होती, नुकतंच कोणी श्वास सोडून बाजूला झाल्यासारखी.

दुर्बीण समोरच्या उताराकडे नव्हती. ती खाली वाकवून वेंडेलच्या दगडाकडे रोखलेली होती.